उन्हातल्या चढणीची पूर्वतयारी

हिंगोली जिल्हा डोंगरांसाठी ओळखला जात नाही. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा आणि मधून वाहणारी कयाधू यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत आलेले फाटे टेकड्यांच्या रूपाने दिसतात, भूगोलाच्या पुस्तकांत त्यांना ‘हिंगोलीचे डोंगर’ असे नावही आहे आणि औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग अशाच टेकड्यांच्या सान्निध्यात वसलेले आहे. तथापि हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असून भोवतालच्या टेकड्या त्याहून फारशा उंच नाहीत. त्यामुळे येथील एखादे महाविद्यालय, शिक्षकांचा गट किंवा तरुणांचे मंडळ जेव्हा राज्यातील सर्वोच्च शिखर असलेल्या १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर किंवा बागलाणातील १५६७ मीटर उंचीच्या साल्हेर किल्ल्यावर जाण्याचे ठरवते, तेव्हा चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून ते अशा भूमीवर पोहोचते, जिच्या चढाची सवय त्यांच्या पायांना नसते. उन्हाची सवय मात्र मराठवाड्यातील माणसाला जन्मापासून असते, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. या दोन समजुतींपैकी पहिली खरी आहे, दुसरी अर्धवट खरी आहे आणि पूर्वतयारीचा सारा विचार या अर्धवटपणापाशी सुरू होतो.

सह्याद्रीचा चढ कसा असतो, हे त्याच्या खडकावरून कळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून पुन्हा पुन्हा बाहेर आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. या थरांपैकी कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने टिकून राहिले आणि मऊ थर झिजून त्यांच्या जागी उतार व सपाट्या तयार झाल्या. म्हणूनच सह्याद्रीतील पाऊलवाट एकसारखी चढत नाही. सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवरून, ती काही वेळ बेताने चढते, मग कातळटप्पा येतो, तो संपला की छोटे पठार लागते आणि त्यानंतर पुन्हा दम काढणारा चढ सुरू होतो. कळसूबाईच्या वाटेवर, अकोले तालुक्यातील बारी गावातून चढताना, अशा उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. बारीपासून शिखरावरील देवीच्या मंदिरापर्यंत सुमारे साडेआठशे मीटर उंची गाठावी लागते आणि ही सर्व उंची एकाच सकाळी, बहुतांशी उघड्यावर, झाडांच्या सावलीविना गाठायची असते.

या चढात शरीरात काय घडते, याचा हिशेब मांडून पाहणे उपयोगाचे आहे. साठ किलो वजनाची व्यक्ती सात किलोची सॅक घेऊन साडेआठशे मीटर वर गेली, तर ते वजन केवळ उचलण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे १३० किलोकॅलरी भरते. परंतु मानवी स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामात आणू शकतात, बाकी सर्व उष्णतेत बदलते. म्हणजे या चढाईत चारशे ते सव्वापाचशे किलोकॅलरी उष्णता शरीराच्या आतच निर्माण होते आणि ती बाहेर टाकणे भाग असते. हवा त्वचेपेक्षा थंड असेपर्यंत काही उष्णता हवेत निघून जाते, पण हवेचे तापमान पस्तीसच्या पुढे गेले की घामाचे बाष्पीभवन हाच शरीरापुढे एकमेव मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो घाम कपाळावरून टपकून जमिनीवर पडतो, तो मात्र शरीराला काहीही थंडावा न देता नुसते पाणी आणि मीठ खर्च करतो. उन्हात तीव्र चढ चढणाऱ्याला तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम येऊ शकतो, याचे कारण वरच्या सूर्याइतकेच आतल्या स्नायूंतही असते. चढणाऱ्याने वेग थोडा कमी केला की दर मिनिटाला तयार होणारी उष्णता लगेच कमी होते, आणि म्हणून उन्हातल्या चढणीवर संथ चाल हाच सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो.

आता सवयीचा प्रश्न. शरीर उन्हाला सरावते ही गोष्ट शास्त्रीय कसोटीवर उतरलेली आहे; दररोज तास-दीड तास उष्ण हवेत बेताचे श्रम केले, तर एक ते दोन आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मिठाचे प्रमाण घटते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पण हा सराव उन्हात श्रम करणाऱ्याला मिळतो, केवळ उष्ण प्रदेशात राहणाऱ्याला नाही. वसमत-कळमनुरीकडे फाल्गुन-चैत्रात हळद काढणारे, शिजवणारे आणि वाळत घालणारे मजूर, किंवा शेगावहून पंढरपूरला निघालेल्या व हिंगोली जिल्ह्यातून जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर चालणारे वारकरी यांच्या शरीराने हा सराव कमावलेला असतो. पंख्याखाली अभ्यास करणाऱ्या किंवा कूलरसमोर कार्यालयीन काम करणाऱ्या माणसाने तो कमावलेला नसतो, मग त्याच्या गावचा पारा त्रेचाळीस अंशांवर का जाईना. शिवाय हा सराव टिकाऊ नाही, उन्हातले श्रम थांबले की दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. त्यामुळे मोहिमेच्या आधीच्या पंधरवड्यात तो मुद्दाम करावा लागतो आणि तोही भर दुपारी नव्हे, तर सकाळी आठ-नऊच्या किंवा उन्हे उतरतानाच्या वेळी, दर दिवशी थोडा थोडा वेळ वाढवत. पहिल्याच दिवशी दुपारी बाराला टेकडीवर धावत जाणे हा सराव नव्हे, अपघाताला दिलेले आमंत्रण आहे.

चढाची तयारी मात्र हिंगोलीतच होऊ शकते आणि त्यासाठी उंच डोंगराची गरज नाही. औंढा, सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यांतील साठ-सत्तर मीटर उंचीची एखादी टेकडी निवडून तिच्यावर एका सकाळी पाच वेळा चढ-उतार केला, तर तीनशे ते साडेतीनशे मीटरचा चढ होतो आणि सात-आठ आठवड्यांत हा आकडा हळूहळू सहाशेच्या पुढे नेता येतो. टेकडी जवळ नसेल तर जिना चालतो. साधारण तीन मीटरचा एक मजला धरला, तर तीन मजली इमारतीच्या जमिनीपासून गच्चीपर्यंतच्या दहा फेऱ्यांत नव्वद मीटर चढ होतो. आठवड्यातून तीन दिवस चढ, एक दिवस लांब अंतराची सपाटीवरची चाल आणि मध्ये विश्रांती एवढे पुरेसे असते. सॅकमध्ये पहिल्या आठवड्यात दोन किलो आणि शेवटी प्रत्यक्ष न्यायचे तेवढे पूर्ण वजन ठेवावे, कारण चार लिटर पाणी म्हणजे चार किलो वजन, आणि ते पहिल्यांदा बारीच्या चढावर खांद्यावर घेणे योग्य नव्हे. श्वासाची कसोटी साधी आहे: चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत, शब्द तुटू लागले तर वेग जास्त आहे असे समजावे.

तयारी करणारे बहुतेक जण चढाचाच विचार करतात आणि उतार विसरतात, हे फार मोठे न्यून आहे. चढताना मांडीचे स्नायू आकुंचन पावत काम करतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराचा भार रोखून धरतात आणि या उलट्या प्रकारच्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. मांड्या थरथरू लागतात, गुडघा भार घेईनासा होतो, घसाऱ्यावर म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर पाय सरकतो, आणि नेमके हेच घडते ते दुपारी, अंगातील पाणी कमी झालेले असताना. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना होणारे दुखणे हेही याच इजेचे लक्षण होय. समाधानाची बाब अशी की अशा उताराचा एकदा नीट सराव झाला की स्नायू पुढचे काही आठवडे त्या इजेपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. म्हणून टेकडीवरून खाली येताना गाडीवर बसून किंवा पळत न येता, लहान पावले टाकत, गुडघे किंचित वाकवून, काठीचा आधार घेत उतरण्याचा सराव मोहिमेच्या दहा-बारा दिवस आधी एकदा तरी पुरेसा करून ठेवावा.

वेळेचे नियोजन हा या विषयातील सर्वांत मोलाचा भाग आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही वापरला जातो: सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्याशिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने कळसूबाईच्या केवळ उंचीसाठीच जवळजवळ दीड तास लागतो. त्यात चालण्याचे अंतर, शिड्यांवरची गर्दी, विश्रांती आणि उन्हाने मंदावलेली चाल मिळवली, तर नवख्या गटाने वर जाण्यास तीन ते चार तास धरणेच शहाणपणाचे ठरते. म्हणजे सकाळी दहापर्यंत शिखर सोडायचे असेल, तर पहाटे साडेपाचला, झुंजूमुंजू होताना, चालू लागले पाहिजे. हिंगोली आणि कळसूबाई ही दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच अक्षांशावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेएकोणीस अंशांच्या थोडे पुढे आहेत आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी कड्याची, झुडपाची किंवा स्वतःची सावलीही आधाराला राहत नाही. हवामान खात्याने जाहीर केलेले तापमान पांढऱ्या झरोकेदार पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, सावलीत मोजलेले असते. काळ्या कातळावर हात टेकून चढणाऱ्याला भोगावे लागणारे ऊन त्याहून कितीतरी अधिक असते. उंचीबरोबर हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते हे खरे, पण त्याच वेळी दर किलोमीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. वरच्या गार वाऱ्यामुळे कातडी भाजत असल्याचे ध्यानात येत नाही.

दिशेचाही विचार व्हावा. कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटांवर, उदाहरणार्थ मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या नळीच्या वाटेवर, सकाळी पूर्वेकडचा कडाच सूर्याला अडवतो आणि बराच वेळ सावली मिळते. दुपारनंतर मात्र पश्चिमेचे ऊन थेट आत शिरते, दोन्ही बाजूंच्या कातळभिंती तापतात आणि वारा कोंडतो. त्यातच कोकणच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. मराठवाड्यातील कोरड्या उन्हात सरावलेल्या माणसाला ही दमट उष्णता अनोळखी असते आणि मापकावर चौतीस अंश दिसत असूनही तो अधिक थकतो. नळीची वाट ही नवख्यांची वाट नव्हे. ज्यांना हरिश्चंद्रगड पाहायचा आहे, त्यांनी प्रथम पाचनईची सोपी वाट धरावी.

लवकर परतण्याचे आणखी एक कारण आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटून वळवाचा पाऊस येतो आणि विजा पडतात. उघडे शिखर आणि लोखंडी शिडी या दोन्ही जागा अशा वेळी सर्वांत वाईट. गडगडाट ऐकू आला की शिखराचा मोह सोडून खाली उतरू लागणे, एवढाच नियम आहे.

पाणी किती न्यावे याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या शरीराला विचारावे आणि ते विचारण्याची पद्धत सोपी आहे. सरावाच्या दिवशी टेकडीवर जाण्यापूर्वी आणि तासाभराने परत आल्यावर, घाम पुसून, वजन करावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, आणि मध्ये जेवढे पाणी प्यायले तेवढे त्यात मिळवावे. एखाद्याचा घाम तासाला पाऊण लिटर निघतो, तर दुसऱ्याचा सव्वा लिटर. शरीराचे दोन टक्के वजन पाण्याच्या रूपाने घटले तरी चाल आणि निर्णयशक्ती दोन्ही मंदावू लागतात. उन्हाळ्यातील दिवसभराच्या चढासाठी दरडोई चार लिटर हे साधारण प्रमाण धरावे. किल्ल्यांवरील टाकी, म्हणजे कातळात खोदलेले जलसाठे, मार्चनंतर आटलेली किंवा गढूळ असण्याची शक्यता असल्याने त्यांच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नये.

उलट बाजूनेही चूक होते. घामातून मीठ जाते आणि माणूस तासन्‌तास नुसते पाणीच पीत राहिला, तर रक्तातील सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण आणि क्वचित झटके येऊ शकतात. म्हणून पाण्याबरोबर मीठ पोटात गेले पाहिजे. जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. त्यातील चिमूटभर पूड बाटलीत टाकणे किंवा संपूर्ण पाकीट पेलाभर पाण्यात ढवळणे दोन्ही चुकीचे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच साध्या मिश्रणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले होते. घरच्या शिदोरीतही उत्तम पर्याय आहेत: पहाटे निघताना मीठ घातलेले ताक किंवा आंबील, वाटेत खाण्यासाठी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे आणि गूळ-शेंगदाणे. तळलेले, तुपकट पदार्थ चढावर पोटात जड होतात, ते टाळावेत.

येथे एका गोष्टीची दखल मुद्दाम घेतली पाहिजे. अनेक मुली आणि स्त्रिया डोंगरावर आडोसा मिळणार नाही या संकोचाने सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. हा दोष त्यांचा नाही, नियोजन करणाऱ्यांचा आहे. दर दीड-दोन तासांनी स्त्रियांसाठी वेगळा थांबा ठरवणे, आडोशासाठी एक चादर बाळगणे आणि ही व्यवस्था आदल्या दिवशीच सर्वांना मोकळेपणाने सांगणे, एवढ्याने हा धोका टळतो.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. फिकट रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि मानेवर ओला करून ठेवता येईल असा पंचा किंवा मोठा रुमाल पुरे. बुटांना खाचदार तळवा हवा आणि ते किमान महिनाभर वापरलेले असावेत. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत, कारण उतरताना बोटे बुटाच्या पुढच्या भागावर आपटत राहतात आणि वाढलेले नख काळे-निळे पडते. सुती मोजे घामाने भिजून फोड आणतात.

हिंगोलीहून जाणाऱ्यांच्या बाबतीत प्रवासाचा ताण हा स्वतंत्र धोका आहे. गट रात्रभर गाडीत जागतो, सकाळी आठ-नऊला पायथ्याशी पोहोचतो, चहा घेऊन लगेच चढू लागतो आणि बरोबर अकरा-बाराच्या उन्हात शेवटच्या शिडीपाशी असतो. झोप अपुरी झालेले शरीर उष्णतेशी नीट झुंजू शकत नाही. या रीतीने मोहीम आखण्यापेक्षा आदल्या दुपारीच पोहोचून पायथ्याच्या गावी मुक्काम करणे हे थोडे खर्चिक असले तरी अधिक शहाणपणाचे आहे. ज्यांना नुकताच ताप किंवा जुलाब झाला आहे, ज्यांना हृदयविकार आहे, किंवा ज्यांची रक्तदाबाची, लघवी वाढवणारी वा मानसिक आजारांवरील औषधे चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उन्हातल्या चढाला जाऊ नये. यांपैकी काही औषधे घाम येण्याची किंवा तहान लागण्याची क्रिया बिघडवतात.

इतकी काळजी घेऊनही कोणाला ऊन लागले, तर लक्षणांतील फरक ओळखता आला पाहिजे. पोटऱ्यांत गोळे येणे, खूप घाम, मळमळ आणि अशक्तपणा ही उष्णतेने आलेल्या थकव्याची लक्षणे असून सावली, विश्रांती, मीठ-साखरेचे पाणी यांनी ती तासाभरात ओसरू लागतात. परंतु व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, अडखळू लागली, विनाकारण चिडू लागली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा; शरीराच्या आतील तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेल्याची ती खूण असते आणि श्रम करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते, त्यामुळे घाम येतो आहे म्हणजे धोका नाही असे मानू नये. अशा वेळी पहिले काम थंड करण्याचे आणि दुसरे खाली नेण्याचे: गटातील सर्वांचे पाणी एकत्र करून अंगावर ओतावे, कपडे सैल करावेत, पंच्याने जोरात वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये आणि तापाची गोळी देऊ नये, उष्माघातावर तिचा उपयोग होत नाही. मदतीसाठी १०८ आणि ११२ हे क्रमांक आहेत. डोंगरातील शोध व बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांची यंत्रणा काम करते, तिचा संपर्क क्रमांक निघण्यापूर्वीच प्रत्येकाच्या फोनमध्ये नोंदलेला असावा.

शाळा, महाविद्यालये आणि मंडळे यांच्या सहलींचे आयोजन करणाऱ्यांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. आयुष्यातला पहिला मोठा चढ विद्यार्थ्यांकडून एप्रिल-मेच्या सुटीत करवून घेऊ नये, त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने राखून ठेवावेत. उन्हाळ्यात जायचेच असेल, तर औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या टेकड्यांवर किमान सहा आठवडे सराव केलेल्यांनाच न्यावे, परत फिरण्याची वेळ आदल्या रात्री सर्वांसमोर जाहीर करून ती शिखर दहा मिनिटांवर दिसत असले तरी पाळावी, आणि हवामान खात्याने त्या भागासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल तर गाडीचे भाडे बुडाले तरी चालेल, पण मोहीम रद्द करावी.